५२५ पट आणि चौरंगाचे पाय

दुर्बीण घरात येते ती बहुधा मुलांसाठी. वाढदिवस असतो, नाहीतर दहावीचे मार्क. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘५२५ पट मोठं दिसेल!’ पहिल्या रात्री सगळं घर गच्चीवर. दुसऱ्या रात्री दोघंच. महिन्याभरात ती नळी माळ्यावर, जुना कूलर आणि गणपतीचं मखर यांच्या मधे. तुमच्याही ओळखीच्या एखाद्या घरात अशी एक असेल, आठवून बघा.

आमच्याकडे ती २०१६ साली आली, चिरंजीव नववीत असताना. महिनाभर त्याला उत्साह होता, मग क्रिकेट आलं. माळ्यावर चढवायला म्हणून मी ती हातात घेतली आणि मग दिलीच नाही!

त्या ५२५ चं गणित आधी मांडून बघू, कारण पुष्कळ दुर्बिणी त्यापायीच माळ्यावर जातात. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर भागिले डोळ्याजवळच्या आयपीसचं नाभीय अंतर, की झाली पट. आमचं भिंग ७० मिलिमीटर रुंद, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. सोबत दोन आयपीस, २० चं आणि ४ चं. म्हणजे ३५ पट आणि १७५ पट. शिवाय तिप्पट करणारं एक बार्लो भिंग. १७५ गुणिले ३, झाले ५२५. हिशेब चोख आहे, खोट काढता येणार नाही. पण भिंग जितके मिलिमीटर रुंद, त्याच्या साधारण दुप्पट इतकीच पट उपयोगाची असते. आमच्या दुर्बिणीला १४० च्या पुढे गेलं की चित्र मोठं होतं आणि पांढुरकं, गढूळ होत जातं. वाटीभर आमटीत हंडाभर पाणी घातलं तर पंगत उठेल, पण चव कुठून येणार?

आणि मोठ्या आकड्याचं एवढं अडतं कुठे? गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूच्या शेजारी चांदण्यांसारखे ठिपके पाहिले, ते गुरूचे चंद्र निघाले. त्याची दुर्बीण जेमतेम वीस पटींची होती. म्हणून आमचं ४ चं आयपीस आणि ते बार्लो खोक्यात परत गेलं. २० चं ठेवलं, आणि पुढे घरखर्चातून उरवलेल्या पैशांत १० मिलिमीटरचं एक चांगलं आयपीस घेतलं. दुकानात ‘प्लॉसल’ म्हणून मागायचं. त्याने ७० पट मिळतात. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला. फक्त आपल्या दुर्बिणीचं भोक मोजून घ्या. बहुतेकांचं सव्वा इंच असतं, जुन्या काहींचं इंचाहून जरासं कमी.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. पाय! ॲल्युमिनियमचे ते काटकुळे तीन पाय. फोकसच्या बटणाला हात लावला की चंद्र थडथड नाचायचा. मी एक परीक्षा घेतली, तुम्हीही घ्या. लांबचा दिवा आयपीसमध्ये धरायचा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि चित्र स्थिर होईपर्यंत आकडे मोजायचे. आमच्याकडे सात आकडे झाले. सात आकडे मोजून होईस्तोवर गुरू आयपीसमधून अर्धा बाहेर गेलेला असायचा, कारण आपली पृथ्वी फिरते ना! पुन्हा धरा, पुन्हा नाच. पोरगं कंटाळलं त्यात नवल काय?

आधी पान्याने सगळे नट आवळले. पाय ताणून लांब केलेले असतात ते पूर्ण आत सारले आणि मी स्टुलावर बसले. तिन्ही पायांच्या मधोमध वाळूची पिशवी टांगली, अडीचेक किलोची. पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठेवले. एवढ्यानेच सातावरून तिनावर आले. मग सुताराला बोलावलं. तो नळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, “ताई, चौरंगाचे पाय करायचेत म्हणा की!” म्हटलं, तसंच समजा, पण अडीच फुटी आणि जाड. सागाच्या उरलेल्या पट्ट्यांचे त्याने करून दिले. पोकळ ॲल्युमिनियमपेक्षा लाकूड थरथर लवकर गिळतं. आता एक म्हणेपर्यंत चित्र उभं राहतं. त्या रात्री पहिल्यांदा गुरूवरचे दोन तपकिरी पट्टे मला नीट दिसले. आयपीस नवं, पण दिसले ते पायांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या सुधारणा फुकटातल्या. नळीवरची छोटी शोधक दुर्बीण आणि मोठी दुर्बीण एकाच जागी बघतात की नाही, हे दिवसाउजेडी जुळवून घ्यायचं. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि लांबच्या पाण्याच्या टाकीचं टोक नाहीतर देवळाचा कळस मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणायचा. मग छोटीचे स्क्रू फिरवून तोच कळस तिच्या फुलीवर घ्यायचा. रात्री अंधारात हे करायला जाणं म्हणजे सुईत दोरा चालत्या एस्टीत ओवणं. भिंगापुढे काळ्या कार्डशीटची दहा-बारा सेंटिमीटरची नळी गुंडाळली की थंडीतलं दव भिंगावर लवकर बसत नाही आणि कडेचा उजेडही अडतो. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवायची. घरातली ऊब निघून गेली की चित्र लवलवत नाही. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावायचा, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीसेक मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती कमाई क्षणात जाते. लांबचं किंवा जवळचं दिसत नाही म्हणून चष्मा असेल तर तो काढून बघितलं तरी चालतं, फोकस आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचा.

भिंग मात्र पदराने पुसायचं नाही! आमच्या उसाच्या पट्ट्यात हंगामात पाचट जळतं, काळी राख गच्चीवर उतरते. हात शिवशिवतो पुसायला. पण धुळीने चित्र फारसं बिघडत नाही, ओरखड्याने बिघडतं. रबरी फुग्याने वारा मारायचा आणि सोडून द्यायचं. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं.

आणि हे अगदी निक्षून सांगते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. काही खोक्यांत आयपीसला लावायची एक काळी काच येते, ‘सन’ असं लिहिलेली. ती उन्हाच्या तापाने तडकू शकते, आणि डोळा त्याच जागी लावलेला असतो. मी ती फोडून कचऱ्यात टाकली. दिवसा दुर्बीण उघडी ठेवायचीच नाही, घरात लहान मूल असेल तर नाहीच.

आता जे कुणी लिहीत नाही ते लिहिते. पायांपेक्षा अवघड होती रात्र. ओटा आवरून, दही लावून, साडेनऊला मी वर जायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली, “वहिनी रात्रीच्या कुणाच्या खिडकीत बघतात?” आमचे हे खालून हाक मारायचे, “अगं, दव पडतंय, ये आता!” त्यांना दवाची काळजी नव्हती हे मलाही कळत होतं. समोरच्या दिव्याचा उजेड अडवायला मी कपड्यांच्या दोरीवर काळी चादर टाकली, तर तिच्याआड काय चालतं हा नवा विषय झाला. शेवटी ज्या काकू सर्वांत जास्त बोलायच्या त्यांनाच वर बोलावलं. शुद्ध नवमी होती. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत ताटासारखा सपाट दिसतो. अष्टमी-नवमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. कोपर्निकस नावाचं विवर ९३ किलोमीटर रुंदीचं आहे, ते ऐन सीमेवर होतं. काकू पाच मिनिटं हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “केवढे खड्डे गं! आणि आपण चेहऱ्याला चंद्र म्हणतो.” बोलणं पूर्ण थांबलं असं नाही, पण काकू माझ्या बाजूने बोलायला लागल्या.

मला तेव्हा कॅरोलिन हर्शेलची आठवण यायची. इंग्लंडमधल्या बाथ गावी तिचा भाऊ विल्यम घरातच दुर्बिणींचे आरसे करायचा. तो तासन् तास आरसा घासत बसे आणि ही त्याच्या तोंडात घास भरवी. १७८१ मध्ये मोठ्या आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद लागली, ती खलबत्त्यात कुटून चाळण्यात हिचे हात राबले. पण १ ऑगस्ट १७८६ च्या रात्री भाऊ गावाला गेलेला असताना हिने स्वतःच्या छोट्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. पुढच्याच वर्षी राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. हाताखाली राबणारी बहीण पगारी खगोलशास्त्रज्ञ झाली!

आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. तालुक्याच्या गावात मात्र दुधाच्या हिशेबाची वही हाच माझा आधार. तिच्या मागच्या पानांवर मी रोज गुरूचे चार चंद्र टिंबांनी काढायचे. त्यातला सर्वांत आतला पावणेदोन दिवसांत प्रदक्षिणा घालतो, म्हणून काल उजवीकडे असलेला आज डावीकडे. ही टिंबं पुस्तकातली नाहीत, मी बघितलेली आहेत.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ आले की चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढंच अंतर उरलं. एकाच आयपीसमध्ये दोघे! संध्याकाळी गल्लीतल्या बायका जिन्यावर अंतर ठेवून उभ्या, प्रत्येकीला मास्क. मास्कच्या वाफेने आयपीस धूसर व्हायचं, मी दर वेळी ओला हात पुसून वारा घालत होते. खिडक्यांची कुजबुज मला त्यानंतर ऐकू आलेली नाही.

पण सर्वांत नेमाने बघतात त्या सासूबाई. २०१७ च्या दिवाळीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, त्यांना शनी दाखवला होता. तेव्हा कडी चांगली रुंद उघडलेली होती. आयुष्यभर शनिवारी तेल वाहणाऱ्या बाई. बराच वेळ बघून म्हणाल्या, “इतका देखणा आहे, मग सगळे घाबरतात कशाला?” त्यांचे गुडघे वाकत नाहीत. नळी जितकी वर रोखावी तितकं आयपीस खाली येतं, म्हणून सुताराकडून त्यांच्यासाठी वेगळं स्टूल करून घेतलं.

२०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसावी अशी आली. शनी तेव्हा सूर्याजवळ होता, पण नोव्हेंबरात पाहिला तेव्हाही कडी नुसती सुईसारखी रेघ. सासूबाई हिरमुसल्या. त्यांना सांगितलं, पुन्हा उघडेल हळूहळू, पूर्ण रुंद व्हायला २०३२ उजाडेल. त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे मी नव्वदीची,” त्या म्हणाल्या, “तोवर त्या स्टुलाला धरायला एक दांडी बसवून घे.”