एकरभर ‘वाडी’चा आधार

पावसाळा सरला की पालघरमधील जव्हार, मोखाडा आणि नाशिकमधील पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे कामाच्या शोधात वीटभट्ट्या व द्राक्षबागांकडे निघतात. भात, नागली, वरई ही येथील पिके पावसावर येतात. सुगीनंतर शिवार ओस पडते. हे स्थलांतर थांबवायचे, तर तुटपुंज्या जमिनीतूनच वर्षभर काही ना काही हाती यायला हवे. ‘वाडी’ या संकल्पनेचे मर्म हेच आहे.

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे हा प्रयोग सुरू केला. पुढे ‘नाबार्ड’ने आदिवासी विकास निधीतून त्याला देशभर बळ दिले.

वाडी म्हणजे साधारण एक एकर माळरानावर आंबा, काजूची कलमे. ती फळाला येण्यास चार-पाच वर्षे लागतात. एवढा काळ गरीब शेतकऱ्याने थांबायचे कसे? म्हणून दोन ओळींमधील जागेत नागली, कडधान्ये किंवा भाजीपाला घेतला जातो. जव्हार, विक्रमगड परिसरात मोगराही लावला जातो. त्याच्या कळ्या मुंबईच्या फुलबाजारात जातात. बांधावरील सुबाभूळ, गिरिपुष्पाचे कुंपण वारा अडवते, सरपण आणि चारा देते.

पशुधनाचे स्थान मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. शेळी अडीअडचणीला विकता येते, लेंडीखतही देते. पण मोकाट सुटली तर तीच कोवळी कलमे फस्त करते. त्यामुळे बंदिस्त शेळीपालन आणि गावाने मिळून पाळलेली चराईबंदी वाडीला आवश्यक ठरते. चाऱ्याची सोय पाहून मगच जनावरांची संख्या ठरवणे शहाणपणाचे.

ही रीत कोरडवाहू महाराष्ट्रालाही विचार करायला लावणारी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा अवघी १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर केवळ कापूस किंवा सोयाबीन घेतल्यास एक बुडीत हंगाम कुटुंबाला कर्जात लोटतो.

अर्थात, कलमांचे वाटप म्हणजे विविधीकरण नव्हे. पहिल्या उन्हाळ्यांत पाणी, नंतर छाटणीचे मार्गदर्शन आणि शेवटी खात्रीची बाजारपेठ मिळाली नाही, तर वाडी कागदावरच उरते. अनुदानाचा आकडा नव्हे, तर पाच वर्षांनी जगलेली झाडे आणि दिवाळीनंतरही गावात राहिलेली कुटुंबे, हीच तिच्या यशाची खरी मोजणी होय.