जप्तीतला तिऱ्हाईत

दिवाणी हुकूमनामा पदरात पडला म्हणजे गंगेत घोडे न्हाले, अशी ज्या वादीची समजूत असते त्याला, दरखास्त दाखल करताच, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणींना खरा आरंभ हुकूमनाम्यापासूनच होतो या, प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदविलेल्या, अभिप्रायाची प्रचीती येऊ लागते. त्या अडचणींपैकी एक, आणि पुष्कळदा सर्वस्वी न्याय्य अशी, म्हणजे तिऱ्हाइताची हरकत.

बेलिफ जप्तीचा हुकूम घेऊन ऋणकोच्या दारी येतो आणि पंचांसमक्ष कपाट, शिलाईयंत्र, तांब्यापितळेचे हंडे यांची यादी करू लागतो. पण एका छपराखालची प्रत्येक चीजवस्त घरधन्याचीच असते असे थोडेच आहे? हंड्यावर सुनेच्या वडिलांचे नाव कोरलेले असते, यंत्र भाड्याने आणलेले असते, आणि पत्नीचे स्त्रीधन तर पतीच्या वैयक्तिक कर्जापोटी जप्त होऊच शकत नाही. (गरजेपुरती स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने मुळातच जप्तीबाहेर ठेवली आहेत, हे बेलिफाला सांगायचे भान त्या गडबडीत क्वचितच कोणाला राहते.)

अशा हरकतदाराने १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम ५८ अन्वये, जेथे दरखास्त चालू असेल त्याच न्यायालयात अर्ज करावयाचा असतो. पूर्वी ही चौकशी संक्षिप्त असे. जप्तीच्या दिवशी ताबा कोणाचा व कोणाकरिता, एवढ्यावरच बहुधा भर राही, आणि हरलेल्या पक्षाला वर्षाच्या आत स्वतंत्र दावा लावावा लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ही दुहेरी यातायात संपविली, हे माझ्या मते उत्तमच झाले. आता मालकी व हितसंबंधांचे प्रश्न तेथेच निकाली निघतात, आणि त्या निर्णयास हुकूमनाम्याचेच बळ असल्याने त्यावर अपीलही चालते.

सर्वच हरकतदार साधुपुरुष नसतात, हेही खरे. जप्ती झाल्यावर मेहुण्याच्या नावे घाईघाईने खरेदीखत करणारे ऋणको ठिकठिकाणी भेटतात; म्हणून जप्तीनंतरचे असे खासगी हस्तांतरण कलम ६४ ने धनकोच्या मागणीपुरते निरर्थक ठरविले आहे, आणि जाणूनबुजून उशिरा केलेला, किंवा माल विकला गेल्यावर आलेला, अर्ज न्यायालय ऐकत नाही. लिलाव जाहीर होऊन अर्ज वेळेत आला, तर जंगम मालाची विक्री पुढे ढकलता येते. स्थावर मिळकतीची विक्री थांबविता येते, अथवा बोली घेऊनही, हरकतीचा निकाल लागेतो, तिची कायमता रोखून धरता येते.