मुहूर्ताचा भाव आणि गुळगुळीत रेघ

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, पूजा होते, बोली चढत जाते आणि त्या दिवशी लागलेला भाव बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यात टिकत नाही. याचं कुणाला नवल वाटत नाही. मुहूर्ताचा भाव मानाचा, हे अडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त संगणकाला. त्याच्या लेखी तो हंगामातला पहिला आकडा. आणि शेअर बाजाराच्या आलेखावर जी गुळगुळीत रेघ ओढायला आज कितीतरी तरुण शिकताहेत, तिच्या गणितात पहिल्या आकड्याला नको तितकं वजन मिळू शकतं.

या रेघेचं नाव सरकती सरासरी. राजारामपुरीत किंवा इचलकरंजीत मोबाइलवर कँडल न्याहाळत बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो ‘मूव्हिंग अ‍ॅव्हरेज’ म्हणेल आणि भावानं रेघ खालून वर कापली की घ्यायचं, वरून खाली कापली की विकायचं, हेही सांगेल. ती रेघ आतून कशी शिजते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. शेअरपेक्षा गुळाचे आकडे हाती घेऊन ते पाहणं जास्त सोपं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली तेव्हापासून गुळाचा भाव हा या शहराचा रोजचा विषय आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. राज्य कृषी पणन मंडळ बाजार समितीवार रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर देतं. फुकट, खरे, आणि ज्यांच्यावरून कुणी टिप विकत नाही असे हे आकडे.

साधी सरासरी कुणालाही करता येते. गेल्या १४ दिवसांचे दर मिळवा, १४ने भागा. उद्या सर्वांत जुना दर काढा, नवा घाला. यातली खोट अशी की १४ दिवसांपूर्वीचा एखादा वेडावाकडा दर आज बाहेर पडला, तर आज बाजारात काहीही न घडता रेघ उडी मारते. त्यावरचा उपाय म्हणजे स्मूद्ड मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. तिचं सगळं गणित एका ओळीत मावतं:

नवी सरासरी = कालची सरासरी + (आजचा दर − कालची सरासरी) ÷ १४

जुने दर साठवून ठेवायला नकोत. कालचा एक आकडा हाताशी असला की झालं. जुना दर खिडकीतून एकदम बाहेर पडत नाही, रोज थोडा थोडा विरत जातो. वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसानं १९७८च्या आपल्या पुस्तकात हीच ओळ वापरली आणि आरएसआय, एटीआर, एडीएक्स हे आज प्रत्येक मोबाइलवर दिसणारे इंडिकेटर तिच्यावर उभे केले. वाइल्डर मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. हिशेब कागदावर आणि हातातल्या कॅल्क्युलेटरवर करायचे ते दिवस. एका आकड्यात भागणारी सरासरी त्याला सोयीची होती. कल्पना त्याहून जुनी आहे. रॉबर्ट ब्राऊन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढण्याच्या गणितावर काम करत होता; पुढे १९५०च्या दशकात त्यानं हीच रीत गोदामातल्या मालाची मागणी ओळखायला लावली. म्हणजे ही ओळ पाणबुडीपासून गोदामापर्यंत आणि तिथून शेअरच्या आलेखावर आली. गुळाच्या रव्यावरही ती चालते.

चालते, पण सुरुवात कुठून करायची? ओळीत ‘कालची सरासरी’ लागते आणि पहिल्या दिवशी काल नसतो. इथे प्रोग्राम लिहिणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं, आणि त्यानं ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर त्याच्या वतीनं गुपचूप ठरवून टाकतं.

समजा, मुहूर्ताला क्विंटलला ६००० रुपये लागले आणि दुसऱ्या दिवसापासून दर ४०००वर येऊन तिथेच थांबला. (आकडे हिशेबापुरते.) चौदाव्या दिवशी रेघ कुठे असेल? पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत ‘अ‍ॅडजस्ट’ हा पर्याय बंद ठेवून ही सरासरी काढली, तर ती पहिला दरच पहिली सरासरी मानते आणि उत्तर येतं ४७६३. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमधलं आरएमए हे फंक्शन पहिल्या १४ दरांची साधी सरासरी घेऊन सुरुवात करतं. तिथे उत्तर ४१४३. पांडाजमध्ये ‘अ‍ॅडजस्ट’ला हातच लावला नाही, तर तो मुळात चालू असतो, वजनं वेगळ्या रीतीनं वाटतो आणि उत्तर देतो ४०८४. माल तोच, सूत्र तेच, १४ही तेच. तेरा दिवस बाजार ४०००वर बसलेला असताना एक रेघ जवळजवळ आठशे रुपये वर तरंगते आहे. ती पाहून कुणी म्हणेल, भाव सरासरीच्या फार खाली आहे, माल धरून ठेवा.

हा डाग लवकर धुतलाही जात नाही. पहिल्या आकड्याचं वजन रोज चौदाव्या हिश्शानं घटतं. १४ दिवसांनी ते ३५ टक्के उरलेलं असतं आणि एक टक्क्याच्या खाली यायला बाजाराचे ६३ दिवस लागतात. पाडव्याला पेरलेला मानाचा भाव संक्रांतीपर्यंत हिशेबात रेंगाळतो. दोन मित्रांच्या मोबाइलवर एकाच शेअरचा आरएसआय वेगळा दिसतो आणि दोघं एकमेकांच्या अ‍ॅपला नावं ठेवतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं: एकाचा हिशेब पाच वर्षांपूर्वीपासून सुरू झालेला, दुसऱ्याचा दोन महिन्यांपूर्वीपासून. मुंबईतही असाच एक पाहुणा आकडा येतो. मुंबई शेअर बाजारात १९५७पासून मुहूर्ताचे व्यवहार होतात, जेमतेम तासाभराचे. पण दिवसाच्या आलेखावर त्या तासाची कँडल पूर्ण दिवसाच्या मानानं उभी राहते. तिचं काय करायचं, हे प्रोग्राममध्ये लिहावं लागतं.

गुळाच्या आकड्यांत याहून खोल एक अडचण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘सर्वसाधारण दर’ हा एका वस्तूचा दर नसतो. पिवळाधमक, कणीदार, पहिल्या प्रतीचा गूळ आणि काळपट, नरम, तिसऱ्या प्रतीचा गूळ एकाच दिवशी एकाच यार्डात असतात. एखाद्या दिवशी हलक्या मालाची आवक वाढली, तर प्रत्येक प्रतीचा दर जिथल्या तिथे राहूनही सर्वसाधारण दर उतरतो. रेघेला मंदी दिसते, मंदी नसतेच. सरासरी कितीही गुळगुळीत केली तरी ही चूक त्यातून निघत नाही, कारण ती आकड्यातल्या गोंगाटाची चूक नव्हे. त्यासाठी प्रतवार आकडेच हवेत.

आता उशिराबद्दल. साधी १४ दिवसांची सरासरी भावाच्या सरासरी साडेसहा दिवस मागे असते. स्मूद्ड सरासरीत तेच १४ लिहिलं, तर ती १३ दिवस मागे राहते, कारण तिची चाल २७ दिवसांच्या एक्सपोनेन्शियल (म्हणजे जुन्या दरांचं वजन असंच विरत जाणाऱ्या) सरासरीइतकी संथ असते. कोल्हापूरकराला हे समजावायला पंचगंगा पुरे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी रोज एक फुटानं सतत चढत राहिलं, तर स्मूद्ड सरासरीची रेघ अखेर १३ फूट खाली रेंगाळते: पाणी ४३ला भिडलेलं, रेघ सांगते ३०. २०२१च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेलं तेव्हा असल्या रेघेवर कुणी घर सोडायचं ठरवलं असतं, तर तो माळ्यावर सापडला असता.

उशीर कमी करायला माणसांनी पुष्कळ डोकं लढवलं. पॅट्रिक मलॉय यांनी १९९४ साली दुहेरी आणि तिहेरी सरासऱ्या आणल्या. अ‍ॅलन हल यांनी दोन वेगवेगळ्या लांबीच्या सरासऱ्यांतला फरक पुढे ढकलून २००५मध्ये आपली सरासरी बनवली. भारतीय वंशाच्या तुषार चांदे यांनी १९९२मध्ये मांडलेली ‘विद्या’ ही सरासरी मला या सगळ्यांत हुशार वाटते: बाजार शांत असेल तर तिची चाल संथ, बाजार उसळला की ती आपोआप चपळ होते. पण उशीर कापला की किंमत दुसरीकडे मोजावी लागते. हलची रेघ वळणावर भावाच्याही पुढे निघून जाते; चपळ रेघ पुन्हा थरथरायला लागते आणि खोटे इशारे देते. फुकट काही मिळत नाही. आलेखावर उशीर नसलेली आणि तरीही रेशमासारखी रेघ दिसली, तर प्रोग्राम उघडून पाहावा. बहुतेकदा सरासरी दोन्ही बाजूंनी घेतलेली असते, म्हणजे १० तारखेची रेघ काढताना १७ तारखेचा दर वापरलेला असतो. मागच्या काळावर ती अचूक दिसते आणि आजच्या दिवशी आली की आपला शब्द फिरवते. याला मंडळी ‘रिपेंट’ म्हणतात. क्लासच्या जाहिरातींतले डोळे दिपवणारे आलेख काही वेळा असेच रंगवलेले असतात.

मॉस्कोची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९२०च्या दशकात तिथल्या अर्थचक्रांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत येवगेनी स्लुत्स्की काम करत होता. संस्थेचा प्रमुख कोंद्रातिएव्ह. पन्नासेक वर्षांच्या दीर्घ लाटांसाठी प्रसिद्ध. स्लुत्स्कीनं सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले. लॉटरीत कसली आलीय लय! मग त्यानं दहा-दहा अंकांची सरकती बेरीज केली आणि कागदावर लाटा उमटल्या: चढ, शिखर, उतार, तळ. त्यातला एक तुकडा इंग्लंडच्या १८५५ ते १८७७मधल्या व्यापारचक्राच्या आलेखाशेजारी ठेवला, तर दोन्ही एकमेकांची भावंडं वाटावीत. १९२७ साली हे छापून आलं. गोंगाट गाळायला म्हणून घेतलेली चाळणी स्वतःच लाट घडवते, असा त्याचा अर्थ. आणि कोंद्रातिएव्हनंही आपल्या लाटा शोधताना नऊ वर्षांची सरकती सरासरी वापरली होती! पुढे कोंद्रातिएव्हला स्टालिनच्या काळात, १९३८मध्ये, गोळी घातली गेली. त्याच्या दीर्घ लाटा खऱ्या की चाळणीच्या, हा वाद अजून संपलेला नाही.

हा प्रयोग घरच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत होतो. हजार यदृच्छ अंक काढा, दहाची सरकती सरासरी लावा, खाली एखाद्या कंपनीचं नाव लिहा आणि ट्रेडिंग करणाऱ्या मित्राला दाखवा. तो कुठे घ्यायचं होतं आणि कुठे विकायचं होतं, हे बोट ठेवून दाखवेल.

मग हे इंडिकेटर चालतात की नाही? संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्यानं घेतला आहे. ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२ साली अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाच्या १८९७ ते १९८६ अशा नव्वद वर्षांवर सरासरीचे नियम लावून पाहिले आणि त्यांत तथ्य आहे, असं त्यांना आढळलं. सात वर्षांनी सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी ७८४६ नियम एकदम तपासले. इतक्यांतून एखादा नुसत्या नशिबानंही पहिला येणार, हे धरून हिशेब केला. १९८६पर्यंत जो नियम उत्तम ठरला होता, तो पुढच्या दहा वर्षांत चालला नाही. आपल्याकडचा पोरगा लॅपटॉपवर सरासरीची लांबी ५पासून २००पर्यंत फिरवून सर्वांत जास्त नफ्याची निवडतो, तेव्हा तो याच लॉटरीतला पहिला नंबर काढत असतो.

कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झालेले व. शं. हुजूरबाजार यांचं काम इथे आठवतं. नमुना वाढत जाईल तसा आपला अंदाज खऱ्या किमतीशी जाऊन मिळतो का, या प्रश्नावरचं त्यांचं १९४८चं प्रमेय जगभर शिकवलं जातं. त्या गणितात मुळात एक खरी किंमत असते, आपण तिच्याकडे सरकत असतो. सरासरीच्या १४ला किंवा २१ला अशी कुठली खरी किंमत आहे? आकडे कितीही गोळा करा, गाठायला मुक्कामच नाही.

सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये दिलेले आकडे सगळ्यांनी वाचलेले आहेत: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यातले किती जण सरासरीच्या रेघांवर चालले होते, हे त्या अहवालातून कळत नाही.

यार्डातला अडत्या भावाचा अंदाज बांधताना रेघ ओढत नाही. गुजरातची मागणी कशी आहे, कारखान्यांची धुराडी कधी पेटणार, ऊसदराचं आंदोलन लांबलं तर गुऱ्हाळाकडे किती ऊस वळेल, पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर उसाला उतारा काय पडेल, एवढं तो विचारतो. पूर नियंत्रण कक्षही पंचगंगेची सरासरी काढत बसत नाही. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि गगनबावड्यात किती पाऊस झाला, ते आधी बघतो. दोघेही भावाच्या किंवा पाण्याच्या आधी घडणाऱ्या गोष्टींकडे पाहतात. इंडिकेटर मात्र भावातूनच भाव काढू पाहतो.

गुळासाठी हे सगळं एका तक्त्यात मांडणं अवघड नाही. पणन मंडळाचा सर्वसाधारण दर आणि आवक आहेतच. शेजारी जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या गाळप सुरू होण्याच्या तारखा, त्या हंगामाची एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), राधानगरी-गगनबावड्याचा पाऊस आणि मिळाल्यास प्रतवार सौदे, असे रकाने वाढवता येतील. मुहूर्ताच्या दिवसापुढे एक खूण करून तो हिशेबातून वगळायचा. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही एका सत्रात पुरेल एवढं हे काम आहे. सुरुवात जुन्या हंगामांपासून करावी आणि २०१९ व २०२१ या पुराच्या वर्षांचे हंगाम तपासणीसाठी बाजूला ठेवावेत. ऊस पाण्याखाली गेल्यावर गुळाच्या दराचं काय झालं, हे एकट्या दराच्या रकान्यावरून सांगता येतं का, ते त्यात लगेच कळेल.