मुलांच्या फुफ्फुसांना धुराची सवय होत नाही

डिसेंबर-जानेवारीत मुंबईतलं मूल रात्रभर खोकत राहिलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “हवा बदललीय. एकदा अंगवळणी पडलं की थांबेल.” सगळ्यांत घातक गैरसमज हाच.

जन्माच्या वेळी फुफ्फुसं पुरती घडलेली नसतात. वायुकोश नंतरही तयार होत राहतात आणि फुफ्फुसांची वाढ जवळपास विशीपर्यंत चालते. शिवाय मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं. वजनाच्या मानाने जास्त हवा, म्हणजे जास्त धूरही, त्याच्या वाट्याला येतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांची दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासणी होत राहिली. २००४ साली निष्कर्ष आले. श्वसनक्षमता बरीच कमी भरलेल्या मुलांचं प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या वस्तीत १.६ टक्के होतं, तर सूक्ष्म कण सर्वाधिक असलेल्या वस्तीत ७.९ टक्के. वाढीच्या वयात राहिलेली ही तूट पुढे भरून निघणं अवघड असतं. दिलासा एवढाच, की तिथली हवा सुधारल्यावर नंतरच्या मुलांची फुफ्फुसं अधिक चांगली वाढली, हेही त्याच अभ्यासमालेत २०१५ साली दिसलं. म्हणजे उपाय आहे, आणि तो हवेतच करावा लागतो.

“आपल्याला समुद्र आहे, आपली दिल्ली होणार नाही,” हेही नेहमीचं. दुपारचा खारा वारा शहर धुऊन काढतो, हे खरं. पण हिवाळ्यात पहाटे वारा मंदावतो, जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर तिथेच साचतो. नेमकी तीच शाळेची वेळ. उघड्या रिक्षात कडेला बसलेलं मूल सिग्नलला ट्रकच्या सायलेन्सरच्या जवळपास समोर असतं. २०२३ साली मुंबईच्या हवेची उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती उगीच नव्हे.

मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. आपल्या हवेच्या निर्देशांकात पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तरी हवा समाधानकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे.

घरगुती उपायांवरही विसंबू नये. गूळ खाल्ल्याने फुफ्फुसं साफ होत नाहीत. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. नाकाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो.

दारं-खिडक्या लावून आत मच्छरांची कॉइल पेटवणं तर आगीतून फुफाट्यात. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचं प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. मुलाच्या खोलीत मच्छरदाणी बरी.

आणि दम्याचा पंप. “एकदा लागला की सुटत नाही” या भीतीने आई-बाबा तो लपवतात, दोन आठवडे बरं वाटलं की बंद करतात आणि धुरकट हवेत पोराला पुन्हा धाप लागते. पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून सिरपपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. लहान मुलांना तो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा, स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायला लावावी, आणि बंद कधी करायचा ते बालरोगतज्ज्ञांना ठरवू द्यावं.