निर्मळ पाण्यातील विष

घरात ठेवलेली माशांची काचेची टाकी मोठी मनोहर दिसते. हिरव्या पाणवनस्पतींमधून संथपणे विहरणारे रंगीत मासे पाहताना वेळ कसा जातो, हे कळत नाही. परंतु कधी कधी आरशासारख्या निर्मळ पाण्यातही मासे एकाएकी मरू लागतात. असे का व्हावे?

नदीतल्या माशाने टाकलेली घाण प्रवाहाबरोबर वाहून जाते. टाकीतल्या माशाचे तसे नाही. ज्या पाण्यात तो श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पण माशाच्या नाजूक कल्ल्यांना तो इजा करतो.

निसर्गाने या विषावर उपायही योजला आहे. टाकीतील वाळूवर व गाळणीत सूक्ष्म जंतू वस्ती करतात. त्यांतील काही जंतू अमोनियाचे नायट्राइट बनवितात. तेही विषारीच असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. दुसरे जंतू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असते. ही वस्ती नीट जमण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत एकदम पुष्कळ मासे सोडू नयेत.

जे दिसत नाही, ते ओळखावे कसे? त्यासाठी पाण्याची परीक्षा करतात. लहानशा नळीत टाकीतील पाणी घेऊन त्यात ठरावीक औषधाचे थेंब टाकावे व येणारा रंग सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहावा. अमोनियाच्या एका प्रचलित परीक्षेत पाणी पिवळे राहिले तर ते निर्दोष समजावे. हिरवे झाले तर धोका ओळखावा.

नायट्रेट मात्र टाकीत साचतच जाते. पाणी आटले तरी ते मागेच राहते. म्हणून केवळ वरून भर घातल्याने ते नाहीसे होत नाही. यास्तव आठवड्यातून एकदा सुमारे एक चतुर्थांश पाणी काढून तितकेच नवे घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. अकस्मात झालेला पालट माशांना सोसत नाही. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच उबदार असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी औषधाने नाहीसा करावा, कारण तो माशांना व उपयुक्त जंतूंनाही घातक असतो. गाळणीही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावी.

मासा मुका आहे. पाणी बिघडले, हे तो सांगू शकत नाही. आपल्या आनंदासाठी आपण त्याला नदीपासून दूर आणले, तेव्हा नदीचे काम नित्यनेमाने करणे हे आपले कर्तव्य ठरते.