ज्वारीला बेवड कशाचा?



मृगाच्या तोंडावर घरोघरी एकच बोलणे चालते. यंदा कोणत्या वावरात काय टाकायचे? बियाण्याचा भाव, बाजाराचा भाव, मजुरी, सगळ्यांचा हिशेब होतो. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. आज पेरलेले पीक उद्याच्या ज्वारीसाठी मागे काय ठेवून जाणार? जुनी माणसे यालाच बेवड म्हणत, आणि वावर करायला घेताना आधी तोच विचारीत.

आपल्या परभणी जिल्ह्यात पाऊस अगदीच थोडा पडतो असे नाही. पण येतो तेव्हा चार दिवस धो धो येतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवीत नाही. २०१५ साली काय झाले ते कोणी विसरलेले नाही. रब्बी ज्वारीला तर वरून पाणी असे मिळतच नाही. काळ्या रानाने पावसाळ्यात जे पोटात साठवले, त्यावरच तिला ताट उभे करायचे असते. तेव्हा बेवड निवडताना पहिला प्रश्न हा, की ते पीक रान कधी मोकळे करते आणि ओल किती ठेवते? भावाचा प्रश्न त्याच्या मागून येऊ द्या.

ज्वारीवर ज्वारी घेऊ नये हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण का, ते नीट समजून घ्या. ज्वारीची धसकटे आणि मुळ्या कुजायला लागल्या की त्या कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःच खाऊन बसतात. नव्या पिकाला मग ते मिळत नाही आणि कोवळे रोप पिवळे पडते. दुसरा शत्रू टारफुला. खरीप ज्वारीत तो जास्त दिसतो. याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारा रस लागला की ते रुजते आणि मुळाला चिकटून ज्वारीचेच रक्त पिते. गंमत अशी की कपाशी, चवळी, सोयाबीन यांच्या मुळांजवळही ते फसून रुजते. पण या पिकांवर त्याला जगता येत नाही, आणि उपाशी मरते. एका हंगामात सगळे संपत नाही, साठा मात्र कमी होतो.

आता मूग. जूनअखेर पेरलेला मूग साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो. पोळ्याच्या सुमारास रान मोकळे. मग वखराच्या दोन पाळ्या घालायला सवड मिळते, गवत मरते आणि नंतरचा सगळा पाऊस जमिनीतच मुरतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरायची, तेव्हा ओल हाताशी असते. शेंगा तोडल्यावर पाला रानातच वखरून टाकलात तर आणखी चांगले. ज्वारीला यापेक्षा चांगला बेवड मला तरी माहीत नाही.

पण मुगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेंगा वाळत असताना झड लागली तर दाण्याला शेंगेतच मोड येतात. शिवाय दोन-तीन तोडे करावे लागतात, आणि ते काम घरातल्या बायकांच्याच कमरेवर पडते. त्यामुळे सगळे रान मुगाखाली घालू नका. झडीत मूग गेला तरी बाकीच्या रानाने घर चालले पाहिजे. आणि पाऊस लांबून जुलैचा पहिला आठवडा उलटला, तर त्या वर्षी मुगाचा नाद सोडा.

तुरीचे गणित वेगळे आहे. तूर जमिनीवर पानांचा थर अंथरते, तिचे सोटमूळ खोलवर जाऊन घट्ट जमीन भोके पाडल्यासारखी मोकळी करते. म्हणून तिच्या मागची ज्वारी जोमदार येते. पण तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत वावर अडवते आणि खालचे पाणीही पिऊन टाकते. त्या वर्षीची रब्बी विसरा. तिचा फायदा पुढल्या खरिपाला मिळेल. सगळे वावर अडकू नये म्हणून खरीप ज्वारीत चार ओळींमागे दोन ओळी तूर घेतात, ते हलक्या-मध्यम रानात योग्यच. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा वाण अशा रानात बसतो. भारी जमिनीत बीएसएमआर ७३६ चालतो, पण त्याला दिवस जास्त लागतात. आणि हा सौदा एकतर्फी नाही. तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत बरीच वर्षे टिकते. ज्वारीच्या सोबतीने तूर घेतली तर मर कमी राहते, असे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत दिसले आहे.

मात्र आज जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत पाहाल तर खरिपात सोयाबीन आणि मागे हरभरा, हीच जोडी वर्षामागून वर्षे चालली आहे. दोन्ही डाळवर्गीय, म्हणजे जमीन सुधारत असेल, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. सोयाबीनने मिळवलेले बहुतेक नत्र दाण्यातून आडतीवर जाते. हरभऱ्यावर हरभरा घेतला की त्याचीही मर वाढते. अशा रानाला आता ज्वारीचाच बेवड द्यायची वेळ आली आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा हरभऱ्याऐवजी टाळकी ज्वारी घ्या. परभणी मोती किंवा परभणी ज्योती हे आपल्याच विद्यापीठाचे वाण आहेत. घरात भाकरी येईल, बैलांना कडबा होईल. कडबा विकत घेताना काय लागते, ते तुम्हीच जाणता.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले गहू पिकवणारे शेतकरीही हेच करतात. गव्हावर गहू घेतला की मुळे कुजवणारा रोग वाढतो, म्हणून मध्ये मोहरीच्या जातीचे कॅनोला किंवा एखादे कडधान्य घालतात. पण तेही पेरणीच्या वेळी जमिनीत ओल किती आहे हे पाहूनच.

ओल बेताचीच असेल तर आपल्याकडे करडई आहे. तिचे मूळ इतके खोल जाते की ज्वारीला न मिळणारे पाणीही ती ओढून घेते. त्यामुळे पुढच्या खरिपात त्या रानात मुगासारखे थोड्या दिवसांचे पीक घ्या, म्हणजे खालचा थर पुन्हा भरेल. पेरणी ऑक्टोबरात फार लांबवू नका, नाही तर मावा पडतो. काट्यांमुळे अनेकांनी करडई सोडली. पण आता ती हार्वेस्टरने काढता येते, आणि पीबीएनएस ४० हा बिनकाट्यांचा वाणही परभणीचाच आहे.

बियाण्याला जिवाणू लावताना एक सांभाळा. सोयाबीनचे पाकीट मुगाला चालत नाही आणि मुगाचे हरभऱ्याला चालत नाही. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम जिवाणू गुळाच्या थंड पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.