चिकनच्या दुकानातले पोलीस

दिग्दर्शक ली ब्योंग-हॉन यांच्या ‘एक्स्ट्रीम जॉब’ (2019) या चित्रपटाची दक्षिण कोरियात दीड कोटीहून अधिक तिकिटं विकली गेली. अमली पदार्थविरोधी पथकातले पाच पोलीस टोळीच्या अड्ड्यावर नजर ठेवायला समोरचं डबघाईला आलेलं चिकनचं दुकान घेतात आणि तेच तुफान चालतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाळत ठेवायलाच कुणाला फुरसत उरत नाही. हसू येतं ते या गोंधळाचं, पण विनोदाची खरी मुळं रोजीरोटीच्या काळजीत आहेत. 1997च्या आर्थिक संकटानंतर नोकऱ्या गेलेल्या अनेक कोरियन माणसांनी तळलेल्या चिकनची दुकानं काढली. चित्रपटातला पथकप्रमुखही निवृत्तीचे पैसे आगाऊ उचलून दुकानात घालतो, बढतीत मागे पडलेला असतानाच. पथकातल्या एका पोलिसाच्या सुवॉन शहरातल्या घरच्या मसाल्याची कृती ऐनवेळी कामी येते आणि गुन्हेगार पकडण्यात हरलेली माणसं गल्ल्यावर जिंकतात.

शेवटी हेच वेंधळे वाटणारे पोलीस एकदम कसलेले लढवय्ये निघतात, त्यामुळे उपहासाची धार बोथट होते, असा आक्षेप घेता येईल. तो निम्मा खरा आहे. हाणामारी लांबलीही आहे. पण खलनायक अमली पदार्थ विकायला चिकनच्या दुकानांचीच साखळी वापरतो, म्हणजे धंद्याचा धागा कथेने सोडलेला नाही. पोलीस-चोरांच्या नेहमीच्या विनोदी चित्रपटांहून हा चित्रपट सरस ठरतो, तो या धाग्यामुळेच.